ताळेबंद जुळत नाही? फरक शोधायचा माझा क्रम

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या फोनवर एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत येतो. "ताई, दोन्ही बाजू जुळत नाहीयेत हो. साडेचारशेचा फरक पडतोय. काय करू?" इंदूरात गेली सतरा-अठरा वर्षं मी छोट्या धंद्यांचे हिशेब लिहिते. महाराणी रोडवरची विजेच्या सामानाची दोन दुकानं, मल्हारगंजातल्या एक मसालेवाल्या काकू, एक केटरर, अशी माझी मंडळी. मी सीए नाही. सीएच्या टेबलावर जाण्याआधी वही ज्या हातातून जाते, तो हात माझा. इतक्या वर्षांत बिघाड तोच: एका बाजूला मालमत्ता, दुसऱ्या बाजूला देणी आणि भांडवल, आणि मधे एक हट्टी आकडा.

तो आकडा मी कसा शोधते ते इथे लिहिते आहे. पहिल्या तपासण्यांना पैसा लागत नाही आणि डोकंही फारसं लागत नाही, वेळखाऊ कामं शेवटी ठेवली आहेत. लोक नेमकं उलटं करतात. एप्रिलच्या पहिल्या बिलापासून सगळं पुन्हा टिक करायला बसतात, रात्रीचे दोन वाजतात, आणि चूक निघते बेरजेत.

आधी लक्षणं

फरक दर महिन्याला तेवढाच राहतो का? मग या वर्षाचे व्यवहार बहुतेक निर्दोष आहेत, चूक वर्षाच्या सुरुवातीच्या शिलकेत आहे. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ताळेबंदात 'डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस' अशी ओळ दिसते, ती हेच सांगत असते.

फरक महिन्यागणिक वाढत जातो का? मग दर महिन्याला येणारा एखादा व्यवहार तुम्ही दर वेळी अर्धवट लिहिताय. कार्ड मशीनचं कमिशन, टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून घेतलेला आयकर) आणि जीएसटी हे इथले नेहमीचे गिऱ्हाईक.

फरक अमुक तारखेपर्यंत नव्हता आणि मग एकदम आला? हे सगळ्यात सोपं दुखणं, चूक त्या तारखेच्या आसपासच्या नोंदींतच शोधायची.

आणि शेवटचं लक्षण, ज्याला लोक लक्षण समजतच नाहीत: दोन्ही बाजू पैशापैशाला जुळतात, पण वहीत रोकड उणे दाखवते, किंवा गल्ल्यात निघतात 6,000 आणि वही म्हणते 41,000. किंवा 'सस्पेन्स' नावाचं, न उलगडलेल्या रकमा ठेवायचं एक खातं दर वर्षी जाड होत चाललंय. जुळलेला आणि चुकलेला ताळेबंद मला न जुळलेल्यापेक्षा जास्त भिववतो. त्याबद्दल पुढे.

समीकरण, भराभर

ज्यांना पाठ आहे त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. मालमत्ता = देणी + भांडवल. म्हणजे धंद्यात जे काही आहे, ते एक तर कुणाकडून उधार आणलंय किंवा मालकाचं आहे. तिसरी सोय नाही.

काकूंनी मसाल्याचा उद्योग सुरू केला तेव्हाचे आकडे, थोडे गोल करून. त्यांनी बँकेत स्वतःचे 1,50,000 टाकले: मालमत्ता 1,50,000, भांडवल 1,50,000. मग 60,000 ची चक्की घेतली, 20,000 चेकने दिले, 40,000 बाकी ठेवले. बँकेत उरले 1,30,000, चक्की 60,000, म्हणजे मालमत्ता 1,90,000. समोर देणं 40,000 आणि भांडवल 1,50,000. मिरची-धने-हळद आणली 30,000 ची, बँकेतून पैसे दिले. इथे एकूण बेरीज हललीच नाही, एक मालमत्ता गेली आणि दुसरी आली. त्यातला 18,000 चा माल 25,000 ला उधारीवर विकला: माल 18,000 ने कमी, येणं 25,000 ने जास्त, मालमत्ता झाली 1,97,000. वाढलेले 7,000 हा नफा, तो मालकाचा, म्हणून भांडवल 1,57,000. मुलाची फी भरायला काकूंनी 5,000 काढले: बँक कमी, भांडवल कमी. विजेचं बिल आलं 2,000 चं, अजून भरलं नाही: देणं वाढून 42,000, भांडवल 2,000 ने कमी. शेवटी डावीकडे 1,92,000, उजवीकडे 42,000 अधिक 1,50,000.

शेवटचा व्यवहार नीट बघा. एक रुपया हातातून गेलेला नाही, तरी समीकरणातल्या दोन जागा हलल्या. 'पैसे गेले तेव्हाच लिहायचं' अशी सवय असलेल्या माणसाची वही इथेच अडते.

प्रत्येक व्यवहाराला दोन टोकं असतात. फरक शोधणं म्हणजे कुणाचं दुसरं टोक सुटलं ते शोधणं. आता कामाला लागू.

सगळ्यात आधी: आकडा बसवू नका

फरक 'सस्पेन्स'मध्ये किंवा 'किरकोळ खर्चा'त ढकलून दोन्ही बाजू सारख्या करायचा मोह होतो. नका करू. साडेचारशेचा फरक म्हणजे साडेचारशेचीच चूक असं नसतं. पन्नास हजार एकीकडे आणि एकोणपन्नास हजार साडेपाचशे दुसरीकडे, अशा दोन चुकांचंही ते शिल्लक शेपूट असू शकतं. फाइलची एक प्रत वेगळी ठेवा, टॅलीचा बॅकअप घ्या, आणि मग हात लावा.

तपासणी पहिली: बेरीज आणि सुरुवातीची शिल्लक (दहा मिनिटं)

एक्सेलमध्ये लिहिणाऱ्यांनी बेरजेचा फॉर्म्युला कुठल्या ओळीपर्यंत जातो ते बघा. शेवटी नवीन ओळ घातली आणि ती बेरजेच्या बाहेर राहिली, हा प्रकार मी इतक्यांदा पाहिलाय की आता फाइल उघडली की आधी तिथेच जाते. दुसरं, एखादा आकडा चौकटीत डावीकडे चिकटलेला दिसतोय का? कोपऱ्यात हिरवा त्रिकोण? तो आकडा एक्सेलच्या लेखी आकडा नाही, मजकूर आहे, आणि बेरजेत तो धरला जात नाही. बँकेचं स्टेटमेंट कॉपी करून चिकटवलं की हे हमखास होतं.

मग गेल्या वर्षीचा अंतिम ताळेबंद काढा, सीएने सही केलेला, तुमच्याकडचा कच्चा नव्हे. 31 मार्चचा प्रत्येक आकडा 1 एप्रिलच्या आकड्याशी ताडून बघा. सीए शेवटच्या क्षणी घसारा (यंत्रं-सामानाच्या किमतीत दर वर्षी धरायची घट) लावतो, एखादी तरतूद करतो, आणि ते आपल्या फाइलमध्ये उतरतच नाही. फरक दर महिन्याला तेवढाच राहत असेल तर दहातल्या आठ वेळा इथेच थांबायचं.

तपासणी दुसरी: फरकाच्या आकड्याला बोलतं करा

ही माझी आवडती. कागद आणि कॅल्क्युलेटर पुरे.

आधी तो आकडा जसाच्या तसा शोधा. 2,360 चा फरक असेल तर वहीत 2,360 कुठे आहे? 2,000 च्या बिलावर 18 टक्के जीएसटी लावला की 2,360 होतात. एक अख्खं बिल एकाच बाजूला लिहिलं गेलं असेल. 360 चाच फरक असेल तर बिल लिहिलंय, कर राहिलाय.

सापडलं नाही तर निम्मं करा. 12,700 चा फरक, निम्मे 6,350. 6,350 चा व्यवहार सापडला, तर तो उलट्या बाजूला गेलाय. घाऊक व्यापाऱ्याला 6,350 दिले: बँक कमी झाली, त्याचं देणंही कमी व्हायला हवं होतं, पण तुम्ही ते वाढवलंत. चूक दुप्पट होऊन दिसते, म्हणून निम्मं करायचं.

ही चूक आमच्याकडे एका जुन्या कारणाने होते. माझे आजोबा कापड मार्केटात मुनीम होते. त्यांच्या लाल बहीत रेघा नसायच्या, कागदाला घड्या घालून रकाने पाडलेले असायचे, आणि जमा (क्रेडिट) डावीकडे, नावे (डेबिट) उजवीकडे. इंग्रजी पद्धतीच्या खातेवहीत बरोबर उलटं, नावे डावीकडे. महाराणी रोडवरच्या एका दुकानात अजून थोरले काका बही लिहितात आणि धाकटा एक्सेलमध्ये उतरवतो. एका दिवाळीनंतर डाव्या बाजूचं सगळं त्याने डावीकडेच उतरवलं. काकांच्या दृष्टीने बही बरोबर, पुतण्याच्या दृष्टीने त्याने फक्त नक्कल केली. दोघंही एकमेकांवर चिडलेले, मधे मी.

निम्म्यानेही जमलं नाही तर नवाने भागा. पूर्ण भाग गेला, तर अंकांची अदलाबदल किंवा शून्याची गडबड असण्याची दाट शक्यता. कारण साधं आहे: 61 च्या जागी 16 लिहिलं तर फरक 45, 83 च्या जागी 38 लिहिलं तरी 45. शेजारचे दोन अंक उलटले की फरक त्या दोन अंकांमधल्या अंतराच्या नऊपट येतो, दशक-शतकाच्या जागा असतील तर नव्वदपट. वरच्या फोनवाल्या साडेचारशेचं तसंच झालं होतं. 450 ला नवाने भागलं, आले 50. म्हणजे शतक आणि दशकाच्या जागा, आणि त्या दोन अंकांत पाचाचं अंतर. मी त्या फोनवालीला म्हटलं, सहा आणि एक, सात आणि दोन, आठ आणि तीन असे शेजारी असलेले आकडे बघ. पाच मिनिटांत तिचा फोन: विक्रीत 1,610, रोकडीत 1,160. बिलबुकाची कार्बन कॉपी फिकट होती.

शून्य सुटलं तरी नवाचाच भाग जातो. 1,200 च्या जागी 120 लिहिले तर फरक 1,080, आणि त्याला नवाने भागलं की थेट चुकलेला आकडाच हातात येतो, 120.

एक इशारा. एकाहून जास्त चुका असतील तर या युक्त्या फसवतात. अर्ध्या तासात काही हाती लागलं नाही तर पुढे चला, आकड्यांशी ज्योतिष खेळत बसू नका.

तपासणी तिसरी: गल्ला आणि बँक

रोकड आणि बँक ही दोन खाती अशी आहेत की ज्यांना वहीबाहेरचा साक्षीदार लगेच मिळतो. नोटा मोजता येतात, बँकेचं स्टेटमेंट काढता येतं. म्हणून बाकीच्या खात्यांआधी ही दोन पक्की करायची. ही बरोबर निघाली की प्रत्येक व्यवहाराचं एक टोक पक्कं, मग दुसरं शोधणं सोपं.

बँकेशी जुळवताना जो फरक दिसतो तो सगळा चूक नसतो. 31 मार्चला तुम्ही दिलेला चेक समोरच्याने 3 एप्रिलला टाकला, तर तुमच्या वहीत पैसे गेलेले आणि बँकेत अजून पडलेले. ते तसंच असू द्या, जुळवणी पत्रकात एक ओळ लिहून ठेवा. चूक असते ती बँकेने परस्पर केलेल्या कापाकापीची, जी आपण लिहीतच नाही: खात्याचे चार्जेस, चेक परत गेल्याचा दंड, कार्ड मशीनचं कमिशन. गिऱ्हाइकाने कार्डावर 5,000 चा पंखा नेला, बँकेत आले 4,910. तुम्ही विक्री 5,000 धरली आणि बँक 4,910. नव्वद रुपये हा खर्च आहे, तो भांडवलातून जायला हवा. रोज दोन-तीन कार्डं चालली की महिन्याचा फरक किती होतो बघा.

तपासणी चौथी: घर आणि दुकान

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त फरक या एकाच दारातून आत येतात.

त्या विजेच्या दुकानाचा गल्ला मी एकदा पूर्ण रिकामा करून टेबलावर ओतला होता. नोटांच्या रबरबँडखाली चिठ्ठ्या होत्या. सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने 'घर 2000'. लाइटच्या बिलामागे 'पप्पा दवा 740'. एकीवर नुसतंच 'रंगपंचमी 1500', आणि ते नेमकं कशाचे ते कुणालाच आठवेना. गल्ल्यातून पैसे गेले होते, वहीत काहीच नव्हतं. काही चिठ्ठ्या धाकट्याने 'दुकान खर्चा'त घातल्या होत्या, काही रोकडीतून नुसत्या वजा केल्या होत्या, दुसरं टोक नाहीच.

हे घरखर्चाचे पैसे 'उचल' म्हणून लिहायचे: रोकड कमी, मालकाचं भांडवल कमी. खर्चात नाही. परिणाम भांडवलावरच होतो, मग काय बिघडलं, असं विचारणारे असतात. बिघडतं ते असं की खर्चात घातलं तर नफा कमी दिसतो, आणि नफ्यावर कर असतो. पप्पांचं औषध हा विजेच्या दुकानाचा खर्च नाही.

आपल्या इंदूरकरांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायची गरज पडू नये. होळकरांच्या कारभारात दौलत (राज्याचा) आणि खासगी (घराण्याचा स्वतःचा) असे दोन वेगळे हिशेब होते. 1734 साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे खासगीची जहागीर लावून दिली, आणि पुढे अहिल्याबाईंनी देशभर घाट, देवळं, धर्मशाळा बांधल्या त्या या खासगीतून, राज्याच्या तिजोरीतून नव्हे. राजवाड्यासमोर दुकान असलेल्या माणसाने तरी एका गल्ल्यातून दोन्ही चालवू नये, असं मी चिडले की म्हणते.

उलटा व्यवहारही होतो आणि तो जास्त निसटतो. मालकाने स्वतःच्या फोनवरून, घरच्या खात्यातून, दुकानाचं 1,800 चं बिल भरलं. लिहिताना सवयीने 'बँक कमी' लिहिलं. दुकानाची बँक कमी झालेलीच नाही. खर्चाने भांडवल 1,800 ने उतरलं आणि मालकाने खिशातून घातले म्हणून तेवढंच चढलं. आणि काकूंसारख्यांनी घरी नेलेला मसाला? पाचशे रुपये खरेदीचा माल घरी गेला तर मालसाठा पाचशेने कमी, भांडवल पाचशेने कमी. काकू आधी हसल्या, "अगं, घरच्या डाळीला फोडणी घातली तेही लिहू?" वर्षभराचा हिशेब केला तर सात-आठ हजारांचा मसाला निघाला. आता लिहितात, चक्कीशेजारच्या कॅलेंडरवर.

तपासणी पाचवी: अर्धं-अर्धं करत जा

आता मेहनतीची पाळी, पण अक्कल लावून. वर्षाचे बाराशे व्यवहार पहिल्यापासून तपासू नका. 30 सप्टेंबरला समीकरण जुळतं का ते बघा. जुळत असेल तर चूक पुढच्या सहा महिन्यांत. मग 31 डिसेंबर. मग नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी. पाच-सहा फेऱ्यांत तुम्ही एका आठवड्यावर येता. एक्सेलवाल्यांनी शेवटच्या रकान्यात प्रत्येक ओळीला 'मालमत्ता उणे देणी उणे भांडवल' असा फॉर्म्युला लावला तर जिथे शून्य पहिल्यांदा मोडतं ती ओळ आपोआप समोर येते. पुढच्या वर्षी पहिल्या दिवसापासून हा रकाना ठेवा.

त्या ओळीत बहुतेक वेळा खालच्यापैकी कुणीतरी भेटतं.

जीएसटी. 10,000 चा माल 18 टक्के लावून 11,800 ला विकला. येणं 11,800 ने वाढलं. विक्री मात्र 10,000 च, उरलेले 1,800 सरकारचे, ते देण्यांत. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळणार असेल तर तो तोवर मालमत्ता. आणि महिन्याअखेर कर भरला की देणं कमी, बँक कमी. तो 'खर्च' म्हणून लिहिणाऱ्यांचं देणं वर्षभर फुगत राहतं.

टीडीएस. माझ्या केटररने एका कंपनीला, जीएसटी बाजूला ठेवून, 1,00,000 चं बिल दिलं. कंपनीने 1 टक्का कापून 99,000 पाठवले. त्याने येणं लाखाने उतरवलं, बँक 99,000 ने चढवली, आणि हजाराचा फरक घेऊन माझ्याकडे आला. ते हजार बुडलेले नाहीत, ते सरकारकडे त्याच्या पॅनवर जमा आहेत. आयकराच्या पोर्टलवर दिसतात. दिसेपर्यंत आणि विवरणपत्रात वळते होईपर्यंत ती मालमत्ता. पोर्टलवर दिसलेच नाहीत तर कंपनीच्या मागे लागायचं, वहीच्या नाही.

माल परत येणं. विक्री कमी केली, पण गिऱ्हाइकाचं येणं तसंच ठेवलं. हे लगेच सापडतं.

तपासणी सहावी: जुळतंय, पण खरं नाही

सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना मुख्य धोका हाच. दोन्ही बाजू सारख्या नसलेली नोंद टॅली स्वीकारतच नाही, त्यामुळे वर्षातल्या व्यवहारांचा फरक दिसणारच नाही. चुकीच्या दोन खात्यांत बरोबरीची रक्कम टाकली की ते खूश, तुम्हीही.

कर्जाचा हप्ता हे याचं नमुनेदार उदाहरण. 12,500 चा हप्ता गेला, त्यात 9,000 मुद्दल, 3,500 व्याज. अख्खे 12,500 खर्चात टाकले तरी जुळतं, बँक कमी, भांडवल कमी. फक्त कर्ज पाच वर्षांनीही सुरुवातीएवढंच दिसतं. अख्खे 12,500 कर्जातून उतरवले तरी जुळतं, आणि एक दिवस बँकच तुम्हाला पैसे देणं लागते असं दाखवतं. बँकेकडून हप्त्यांचं वेळापत्रक मागा, त्यात दर महिन्याची विभागणी छापलेली असते. वर्षअखेरचं बाकी मुद्दल वहीशी जुळलंच पाहिजे.

तसंच यंत्राचं. चक्कीचा पट्टा बदलला तो खर्च, नवी मोटर घालून क्षमता वाढवली तर ती मालमत्तेत जाते. सीमा कधी धूसर असते, तिथे मी स्वतः ठरवत नाही, खूण करून सीएसाठी ठेवते. घसाराही विसरू नका: आयकराच्या हिशेबात सर्वसाधारण यंत्रसामग्रीला 15 टक्के, आणि ज्या वर्षी घेतली त्या वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर त्या वर्षी निम्मा. काकूंच्या 60,000 च्या चक्कीचा पूर्ण वर्षाचा घसारा 9,000. यंत्राची किंमत तेवढी कमी, भांडवल तेवढं कमी.

मालसाठा मोजायचा म्हणजे खरंच मोजायचा. पोती उघडून, काट्यावर. विक्रीच्या भावाने नाही, खरेदीच्या. आणि माल आता त्याहून कमीलाच विकला जाणार असेल तर त्या कमी भावाने. 31 मार्चचा साठा अंदाजाने दहा हजार जास्त धरला की नफा दहा हजार जास्त, समीकरण हसतमुख.

राहिली विसरलेली बिलं. जे दोन्ही बाजूंना लिहिलंच नाही ते कुठल्याच बेरजेत दिसत नाही. त्यावर एकच उपाय मला ठाऊक आहे: वर्षातून एकदा प्रत्येक मोठ्या व्यापाऱ्याकडून आपल्या खात्याचा उतारा मागवायचा आणि ओळीने लावून बघायचा. कंटाळवाणं काम आहे. पोहे-जिलबी मागवून करते.

कधी थांबायचं

माझा नियम दोन संध्याकाळींचा. दोन बैठकांत फरक सापडला नाही तर तिसऱ्या बैठकीत आपण चुका शोधत नाही, नव्या करतो.

पण काही गोष्टींत दोन मिनिटंही घालवायची नाहीत, सरळ सीए. चूक गेल्या वर्षात आहे आणि त्या वर्षाचं आयकर विवरणपत्र भरून झालंय. भरलेल्या जीएसटी विवरणपत्रांशी वही जुळत नाही. इथे उशीरही चालत नाही, कारण त्या आर्थिक वर्षातली चूक पुढच्या विवरणपत्रातून दुरुस्त करायची मुदत वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, जे आधी असेल तोवरच असते. वर्षाची उलाढाल 1 कोटीच्या पुढे जातेय, तर कर लेखापरीक्षणाचा (टॅक्स ऑडिटचा) प्रश्न येतो. रोखीची जमा आणि रोखीचे खर्च दोन्ही 5 टक्क्यांच्या आत असतील तर ती मर्यादा 10 कोटी, पण तुमचं प्रमाण नेमकं किती ते त्यांना मोजू द्या. भागीदारी आहे आणि फरक एका भागीदाराच्या भांडवलात निघतोय. कुठलीही नोटीस आली. गल्ल्यातली तूट दर वेळी एकाच माणसाच्या पाळीत येतेय. हे तर वहीचं दुखणंच नाही, तोंडातून शब्द काढण्याआधी जाणत्या माणसाशी बोला.

एका माणसाला एका दिवसात 10,000 हून जास्त रोख दिलेले सापडले, तर तारखा फोडून तीन नोंदी करू नका. तो खर्च आयकरात नाकारला जाऊ शकतो हे खरं, पण ते निस्तरणं सीएचं काम. आपण केलेली सारवासारव त्यांना आणखी महागात पडते, म्हणजे आपल्याला.

जुनी नोंद खोडायची नाही, पुसायची नाही. उलट नोंद करून ती रद्द करायची आणि खाली बरोबर नोंद लिहायची, कारणासकट.

सीएकडे जाताना गेल्या वर्षीचा सही केलेला ताळेबंद, वर्षभराचं बँक स्टेटमेंट, कर्जाचं वेळापत्रक, व्यापाऱ्यांचे उतारे आणि सगळ्यात वर एक कागद: कोणत्या तपासण्या केल्या, कोणती तारीख शेवटची जुळली, फरक किती. तो कागद नसला की त्यांचा आर्टिकल मुलगा, म्हणजे शिकाऊ सहायक, पहिल्या तपासणीपासून सुरू करतो, आणि बिल तुमच्या नावावर चढतं. गल्ल्यातल्या चिठ्ठ्याही न्या, रबरबँडसकट. 'रंगपंचमी 1500' आम्ही अखेर उचलीत टाकले.